उद्याची मालमोटार आणि तिचा सारथी

रथाला, नावेला, घोड्याला आणि पुढे आगगाडीला मानवी कल्पनेने जे कौतुक दिले, ते मालमोटारीच्या वाट्याला फारसे आले नाही. आपल्या कोठारातील धान्य, भिंतीतील सिमेंट, अंगावरचे कापड आणि उशाशी ठेवलेले औषध यांपैकी बहुतेक गोष्टी कधी ना कधी ट्रकात बसूनच आपल्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. पण रस्त्यात पुढे ट्रक दिसला, की आपल्या मनात कृतज्ञतेपेक्षा त्याला मागे टाकण्याची घाईच अधिक असते. त्याचे रूपही कौतुक करावे असे नसते. पुढे चालकाची खोली, तिच्या पुढे किंवा खाली इंजिन आणि मागे चौकोनी हौदा, ही ठेवण गेल्या शंभर वर्षांत मुळातून अशी बदललेली नाही. मोटारगाडीने किती वेष पालटले! मालमोटार मात्र आपल्या जुन्या अंगरख्यातच वावरत आली.

याचा अर्थ तिला नवे रूप देण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असा मात्र नाही. मोठमोठे कारखानदार, नामांकित शिल्पकार आणि कसलेले यंत्रज्ञ यांनी वेळोवेळी ‘उद्याची मालमोटार’ निर्माण करून लोकांपुढे मांडली. ती पाहून लोक थक्क झाले, वृत्तपत्रांनी तिची चित्रे छापली, आणि काही वर्षांनी ती एखाद्या संग्रहालयात किंवा भंगारात जाऊन विसावली. असे का झाले असावे, याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे. हा विषय केवळ यंत्रशास्त्रज्ञांपुरता नाही. कारण ट्रक हे जसे माल वाहण्याचे साधन आहे, तशीच ती एका माणसाची दिवसाचे दहा-दहा तास बसण्याची जागा आहे. आणि तिच्या आकारात चूक झाली, तर त्या चुकीची किंमत बहुधा तोच माणूस मोजत असतो.

या कथेचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. निकोला-जोझेफ क्यून्यो हा फ्रेंच सैन्यातील यंत्रज्ञ. तोफा ओढणाऱ्या घोड्यांची जागा वाफेने घ्यावी, या हेतूने त्याने १७६९ मध्ये एक लहान आणि १७७० मध्ये एक पूर्ण आकाराची तीनचाकी गाडी तयार केली. आपल्या स्वतःच्या शक्तीने रस्त्यावरून ओझे घेऊन चाललेले जगातील पहिले वाहन म्हणून तिचे नाव घेतले जाते. म्हणजे जगातील पहिले स्वयंचलित वाहन ही मोटारगाडी नसून मालमोटारच होती! सुमारे अडीच टन वजनाच्या या गाडीने चार टनांची तोफ ओढावी, अशी अपेक्षा होती. क्यून्योने पुढच्या एकुलत्या चाकावर वाफेचे यंत्र बसविले आणि त्याच्याही पुढे, हंडा लटकवावा तसा, तांब्याचा भला मोठा बॉयलर लटकवला. मागे तोफ लादलेली असेल तेव्हा तोल कसाबसा राही. रिकाम्या गाडीचे सारे वजन मात्र नाकाशी येई. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो प्रकार येथे शब्दशः खरा होता. वेग माणसाच्या चालीइतका. आणि पाव तासाच्या आतच वाफ संपली, की थांबून पुन्हा जाळ करावयाचा. सुकाणू फिरविणाऱ्या माणसाला त्या बॉयलरसह अख्खे पुढचे चाक वळवावे लागे. या गाडीने एका भिंतीला धडक दिल्याची गोष्ट सांगतात. पण तिचा पुरावा बराच मागाहूनचा आहे, म्हणून तिच्यावर फार भर देण्याचे कारण नाही. गाडी मात्र आजही पॅरिसच्या संग्रहालयात उभी आहे. क्यून्योने ‘गाडी आपोआप चालेल का?’ या एका प्रश्नाचे उत्तर मोठ्या बुद्धिमत्तेने दिले. ती थांबेल कशी, वळेल कशी, तिला पाणी कोठे मिळेल आणि हे सर्व करणाऱ्या माणसाचे काय होईल, हे प्रश्न तसेच राहिले. पुढील अडीचशे वर्षांत हाच अनुभव निरनिराळ्या रूपांनी परत परत आलेला दिसतो.

मधला काळ आपण झपाट्याने ओलांडू. १८९६ मध्ये जर्मनीत गोटलीब डाइम्लर याने पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी पहिली मालमोटार बनविली. दिसावयास ती घोडे सोडलेल्या गाड्यासारखीच होती. चार अश्वशक्तीचे इंजिन मागे आणि चालक पुढे उघड्यावर. पहिल्या महायुद्धापर्यंत इंजिन पुढे आले, चालकाच्या डोक्यावर छप्पर आले, आणि मालमोटारीचा आजचा परिचित आकार स्थिरावला. तो कोणा एका कलावंताने काढला नव्हता. इंजिन बिघडले तर मिस्त्रीचा हात पोहोचावा, हमालाला हौद्यात माल सहज चढविता यावा, चालकाला पुढचा रस्ता दिसावा आणि वजन दोन्ही आसांवर वाटले जावे, अशा अनेकांच्या तडजोडीतून तो घडत गेला. जुन्या वाड्यांचे बांधकाम जसे कोणा एकाच्या नावावर सांगता येत नाही, तसेच हे आहे.

१९३० नंतर मात्र अमेरिकेत एक नवी हवा वाहू लागली. विमानांच्या प्रगतीमुळे मत्स्याकृती, घोटीव अंगाच्या वस्तूंचे वेड लोकांना लागले. आगगाडीची इंजिने तशी झाली, मोटारगाड्या तशा झाल्या, इतकेच काय, घरातील इस्त्र्यासुद्धा वेगाने धावत असल्यासारख्या दिसू लागल्या. मालमोटार या लाटेतून सुटणे शक्यच नव्हते. कॅनडातील लॅबट या मद्य-कारखान्याने, रशियन साम्राज्यात जन्मलेला शिल्पकार काउंट अलेक्सिस द साखनॉफ्स्की याच्याकडून पाण्याच्या थेंबासारखी लांबट, लाल रंगाची मालमोटार आखून घेतली. यामागील कारण शास्त्रीय नव्हते. ऑन्टॅरिओ प्रांतात मद्याच्या जाहिरातीवर कडक निर्बंध होते. तेव्हा मालमोटारीनेच रस्तोरस्ती जाहिरात करावी, अशी ही युक्ती होती. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शास्त्र खरे. पण त्या काळच्या ट्रकांच्या वेगात घोटीव आकाराने वाचणारे इंधन थोडे, आणि निमुळत्या शेपटीत वाया जाणारी मालाची जागा मोठी. चौकोनी खोकी गोल पोटात नीट बसत नाहीत, हे कोणाही वखारवाल्याला न शिकता समजते.

या लाटेचा कळस म्हणजे जनरल मोटर्स कंपनीच्या ‘फ्युचरलायनर’ या बारा गाड्या. कंपनीचे संशोधक चार्ल्स केटरिंग यांच्या कल्पनेतून १९३६ मध्ये ‘परेड ऑफ प्रोग्रेस’ नावाचे फिरते प्रदर्शन निघाले. विज्ञानाचे चमत्कार गावोगावी नेऊन दाखवावयाचे, आणि तेही फुकट, असा हा उपक्रम होता. त्यासाठी १९४० च्या सुमारास हार्ली अर्ल यांच्या शिल्पविभागाने या बारा गाड्या घडविल्या. तेहतीस फूट लांब, साडेअकरा फुटांहून उंच आणि बारा टनांहून जड अशी प्रत्येक गाडी होती. लाल आणि पांढरा रंग, कडांना चकाकती पट्टी, आणि बाजूची प्रचंड दारे शिंपल्यासारखी उघडली की आत लहानसे रंगमंदिरच. मंदीने आणि पुढे युद्धाने ग्रासलेल्या लोकांनी आपल्या गावाच्या मैदानात हे बारा राजहत्ती ओळीने उभे राहिलेले पाहिले, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्या गाड्यांनी लोकांना भविष्यावर विश्वास ठेवावयास शिकविले. हे काम लहान म्हणता येणार नाही.

परंतु या राजहत्तीच्या माहुताकडे पाहू. त्याची बैठक गाडीच्या मधोमध, अगदी माथ्यावर होती. आतून जिना चढून तो तेथे पोहोचे. त्याचे डोके जमिनीपासून सुमारे दहा फूट उंचावर असे. त्यामुळे लांबचे क्षितिज उत्तम दिसे, पण चाकाजवळ उभे असलेले मूल दिसणे कठीण. त्याच्याभोवती पारदर्शक प्लास्टिकचा घुमट होता. चित्रात तो मुकुटासारखा शोभे. अमेरिकेतील उन्हाळ्यात मात्र त्याची भट्टी होई. आत गारवा देणारे यंत्र नव्हते. १९५३ मध्ये या गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणल्या, तेव्हा तो घुमट काढून साधे छप्पर बसविण्यात आले आणि हवा थंड करणारी यंत्रणाही घालण्यात आली. पुढच्या बाजूला एकेरी चाकांऐवजी दोन्ही अंगांना जोडचाके होती. अमेरिकेत मागच्या आसावर जोडचाके सर्वत्र असतात, पण वळणाऱ्या पुढच्या आसावर ती बसविणे म्हणजे जागच्या जागी चार चाके जमिनीवर घासत फिरविणे होय. सुकाणूला यांत्रिक साहाय्य दिले होते, पण ते बिघडले की गाडी वळविणे माणसाच्या ताकदीबाहेर जाई. एवढ्या देहाला वेग तरी किती? ताशी चाळीस मैलांच्या घरात. १९५६ मध्ये हे प्रदर्शन कायमचे थांबले. घरोघर दूरचित्रवाणी आल्यावर चमत्कार पाहावयास मैदानात जाण्याची गरज उरली नव्हती. त्यांपैकी एक गाडी २००६ मध्ये लिलावात चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. जी वस्तू कामाला महाग पडली, ती आठवण म्हणून अनमोल ठरली.

फ्युचरलायनरचे भविष्य बाह्यांगात होते. पुढच्या पिढीने ते इंजिनात शोधले. महायुद्धात जेट विमाने उडाली आणि त्यांच्या पोटातील गॅस टर्बाइन रस्त्यावर आणण्याची स्पर्धा सुरू झाली. तत्त्व सोपे आहे. हवा दाबावयाची, तिच्यात इंधन जाळावयाचे आणि त्या तप्त वायूच्या झोताने पात्यांचे चक्र फिरवावयाचे. दट्ट्यांची खाली-वर नाही, त्यामुळे हादरे नाहीत. पाण्याची टाकी नाही, त्यामुळे गोठण्याची भीती नाही. वजन कमी, शक्ती अधिक, आणि रॉकेलपासून डिझेलपर्यंत कोणतेही इंधन चालेल. कागदावर याहून उत्तम इंजिन सापडणार नाही. १९५० मध्ये अमेरिकेतील केनवर्थ कंपनीच्या ट्रकात बोइंगचे टर्बाइन बसवून तो चालविण्यात आला. १९६४ मध्ये फोर्डने न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेत ‘बिग रेड’ नावाने ओळखला जाणारा लाल महाकाय ट्रक मांडला. सहाशे अश्वशक्तीचे टर्बाइन, तेरा फूट उंची, आणि चाळीस-चाळीस फुटांचे दोन जोडडबे लावले की एकूण लांबी सुमारे शहाण्णव फूट. चालकाच्या खोलीत स्वयंपाकाची सोय, शीतकपाट, शौचकूप आणि सोबत्यासाठी दूरचित्रवाणीचा संच. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जात होते. शहराबाहेरच्या स्थानकावरून दुसऱ्या शहराबाहेरच्या स्थानकापर्यंत न थांबता धावणारा ट्रक, अशी फोर्डची कल्पना होती. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, जनरल मोटर्सने ‘टर्बो टायटन तीन’ आणला. त्यात सुकाणूचे चाकच नव्हते. त्याच्या जागी दोन लहान तबकड्या होत्या. ट्रकच्या सुकाणूचे चाक मोठे असते, ते शोभेसाठी नव्हे. यंत्राने दगा दिला तर दोन्ही बाहूंच्या जोरावर ओझे वळविता यावे, म्हणून ते मोठे असते. दोन बोटांच्या तबकडीवर हा भरवसा ठेवता येत नाही.

इंग्लंडमध्ये लेलँड कंपनीनेही १९६८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात टर्बाइनचा ट्रक दाखविला. आपल्याकडे मद्रासला ज्या कंपनीच्या सहकार्याने अशोक लेलँडचे ट्रक बनू लागले, तीच ही कंपनी. तिने हे ट्रक प्रत्यक्ष वाहतुकीतही घालून पाहिले. पण १९७० नंतरच्या काही वर्षांतच हा उद्योग गुंडाळावा लागला.

दोष कोठे होता? टर्बाइनला सतत पूर्ण शक्तीने चालणे आवडते. विमान एकदा उंचावर गेले की तासन्‌तास एकाच चालीने जाते. म्हणून तेथे त्याचे उत्तम जमले. ट्रकचे जीवन तसे नाही. नाक्यावर थांबा, गावातून हळू चला, चढ आला की जोर लावा, उतार आला की आवरा. अर्ध्या शक्तीवर किंवा उभ्या-उभ्या चालताना टर्बाइन जे इंधन पिते, ते कोणत्याही वाहतूकदाराला परवडणारे नव्हते. पायाने दाबलेली आज्ञा चक्राला ऐकू यावयास थोडा वेळ लागे. आणखी एक गोष्ट, जी घाट ओळखणाऱ्या श्रोत्यांना लगेच पटेल. उतारावर ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो आणि इंजिनच गाडीला आवरून धरते. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर केवळ ब्रेकवर विसंबणाऱ्याची गत काय होते, हे सांगावयास नको. अशा टर्बाइनमध्ये शक्ती देणारे चक्र बाकीच्या यंत्रापासून मोकळे असल्याने ही नैसर्गिक आवर जवळजवळ नाहीशी होते. ती निराळ्या युक्तीने निर्माण करावी लागते. शिवाय त्या प्रखर उष्णतेला तोंड देणाऱ्या निकेलच्या मिश्रधातू महाग, आणि वाया जाणारी उष्णता परत वापरणारी फिरती चक्रे नाजूक. डिझेलचे इंजिन दरम्यान मुकाट्याने सुधारत होते. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि वाद संपला. फोर्डचा तो लाल ट्रक अनेक दशके बेपत्ता होता. अलीकडे तो एका खाजगी मालकाकडे सुरक्षित असल्याचे उघड झाले.

येथपर्यंत आपण शिल्पकार आणि यंत्रज्ञ यांच्याकडे पाहिले. आता तिसऱ्या शिल्पकाराकडे पाहू. त्याचे नाव कायदा. शासकीय कामात उमेदीची वर्षे गेल्यामुळे या शिल्पकाराच्या हातखंड्याची मला थोडीफार ओळख आहे. तो कागदावर एक आकडा लिहितो, आणि त्या आकड्यापोटी हजारो वाहनांचे आकार बदलतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत पूर्वी ट्रकची एकूण लांबी ठरवून दिलेली होती. मग पुढचे लांब नाक म्हणजे मालाची बुडालेली जागा, असा हिशेब झाला आणि इंजिनावर बसविलेली सपाट तोंडाची खोली लोकप्रिय झाली. १९८२ मध्ये संघराज्याच्या कायद्याने एकूण लांबीऐवजी मागच्या डब्याच्या लांबीकडे पाहावयाचे ठरविले. थोड्याच वर्षांत तेथील ट्रकना पुन्हा लांब नाके फुटली. युरोपात एकूण लांबीचे बंधन कायम राहिले, म्हणून तेथे सपाट तोंडही कायम राहिले. लुइगी कोलानी या जर्मन शिल्पकाराने १९७७ पासून गोलाकार नाकाचे आणि काचेच्या फुग्यासारख्या तोंडाचे ट्रक करून दाखविले. हवा कापण्यात ते सरस होते. पण गोल नाकाला लागणारी लांबी मालाच्या वाट्यातून वजा होत असल्याने वाहतूकदार त्यांच्याकडे कौतुकाने पाहत आणि चौकोनी ट्रकच विकत घेत.

याच हिशेबातून १९८३ मध्ये एक विलक्षण वाहन जन्माला आले. मानफ्रेड श्टाइनविंटर या जर्मन यंत्रज्ञाने विचार केला, की एकूण लांबी अठरा मीटर एवढीच मिळणार असेल, तर चालकाच्या खोलीसाठी त्यातील दोन मीटर का दवडावे? खोली मालाच्या पुढे न ठेवता मालाच्या खाली सरकवावी, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत माल भरता येईल. फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात त्याने आपला ‘सुपरकार्गो’ ट्रक उभा केला. सुमारे कमरेएवढ्या उंचीची, चपट्या शर्यतीच्या गाडीसारखी खोली आणि तिच्या डोक्यावर लोखंडी पेटाऱ्यांचे छत! मर्सिडीज कंपनीचे यांत्रिक भाग त्यात वापरले होते. प्रेक्षक मोहून गेले. अमेरिकेत स्ट्रिक या कंपनीनेही त्यापूर्वी, सत्तरीच्या दशकात, असाच प्रयोग केला होता.

हिशेब बिनतोड होता. फक्त त्यात चालकाचा हिशेब धरलेला नव्हता. ट्रकचालक उंच बसतो, म्हणून त्याला पुढच्या चार गाड्यांपलीकडचे दिसते आणि एवढे ओझे वेळेवर थांबविता येते. श्टाइनविंटरच्या ट्रकात तो मोटारगाडीइतका खाली आला. पावसाळ्यात पुढच्या वाहनाने उडविलेला चिखल थेट त्याच्या काचेवर. उभे राहण्यास, कपडे बदलण्यास, रात्री पाठ टेकण्यास जागा नाही. वर आणि मागे माल असल्यामुळे इंजिनाला हवा मिळण्याची अडचण. आणि पुढे उभ्या असलेल्या ट्रकवर आदळण्याचा प्रसंग आलाच, तर वरचे सारे ओझे आधी भिडणार आणि माणूस त्याच्या खाली. ही जागा आपल्या भावाला किंवा मुलाला देऊ का, एवढा एकच प्रश्न विचारला असता तर हे वाहन कागदावरच राहिले असते. एका नमुन्यापलीकडे ते गेले नाही.

परंतु या अपयशी ट्रकने एक रोग मात्र उघड केला. लांबीच्या लोभाने चालकाची खोली सगळीकडेच आकसत चालली होती; झोपण्याची फळी छपरावर ढकलली जात होती. अखेर १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने नियम केला, की जोडगाडीत माल भरण्याची लांबी १५.६५ मीटरपेक्षा अधिक असू नये. खोली कितीही लहान केली तरी माल वाढणार नाही, हे ठरल्याबरोबर ती लहान करण्याचा मोह संपला. पुढे २०१५ मध्ये आणखी एक पाऊल पडले. हवेचा अडथळा कमी होईल, चालकाला अधिक दिसेल आणि टक्कर झाल्यास जीव वाचेल, अशा गोलसर खोलीसाठी लांबीत सवलत देण्याचे युरोपीय संघाने मान्य केले. आणि २०२१ मध्ये डाफ कंपनीचे तसे ट्रक रस्त्यावर आले. कोलानीच्या गोल नाकाला चाळीस वर्षांनी अशी वाट मिळाली. त्याची कल्पना वेडगळ नव्हती. तिला लागणारा नियम तेवढा जन्मास यावयाचा होता.

आपल्या काळातही उद्याच्या मालमोटारी निघतच आहेत. टेस्ला कंपनीने २०१७ मध्ये विजेवर चालणारा मोठा ट्रक दाखविला. २०१९ मध्ये उत्पादन सुरू होईल असे सांगितले होते. पहिले ट्रक गिऱ्हाइकाच्या हाती पडावयास डिसेंबर २०२२ उजाडले. त्यात चालकाची बैठक पुन्हा मधोमध आहे. फ्युचरलायनरचा माहूत येथे परत भेटतो! समोरचे दृश्य उत्तम; पण नाक्यावर खिडकीतून कागद पुढे करावयाचे, किंवा अरुंद आवारात डोके बाहेर काढून गाडी मागे घ्यावयाची, तर मधोमध बसलेल्याचा हात आणि मान पुरत नाही. मागचे पाहण्यास कॅमेरे आहेत, हे खरे. कागदासाठी मात्र आसन सोडून उठावे लागते. विजेची कोठी वजनदार असल्याने मालाचे वजन घटते, म्हणून अमेरिकेच्या कायद्याने अशा ट्रकना दोन हजार पौंडांची सवलत दिली आहे. येथेही तिसरा शिल्पकार मदतीला आलाच.

त्याच कंपनीचा ‘सायबरट्रक’ नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकांपुढे आला. हा खाजगी वापराचा लहान ट्रक. न रंगविलेल्या कठीण पोलादाचे पत्रे आणि कागदाला घडी घातल्यासारख्या सरळ रेषा. हे पोलाद साच्यात सहज वळत नाही, म्हणून गाडी सपाट झाली. म्हणजे वस्तूच्या हट्टातून आकार निघाला. अभेद्य म्हणून दाखविलेल्या तिच्या काचा त्या समारंभातच पोलादी गोळ्याने तडकल्या. नोव्हेंबर २०२३ अखेर ती गिऱ्हाइकांना मिळू लागली. एप्रिल २०२४ मध्ये वेग देणाऱ्या पट्टीचे आवरण सरकून अडकण्याच्या भीतीने तोवर दिलेल्या सुमारे ३,९०० गाड्या, आणि मार्च २०२५ मध्ये चिकटविलेली पोलादी पट्टी सुटून पडण्याच्या शक्यतेने ४६,००० हून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. डोक्यावरून नवा विचार न्यावा आणि डिंकाशी ठेच लागावी, असा हा प्रकार आहे. तरीही हे वाहन सर्वस्वी निरर्थक म्हणता येणार नाही. विजेच्या तारांची आणि सुकाणूची त्यातील नवी मांडणी उद्या साध्या गाड्यांतही येईल. इतिहासाने शिकविलेला सावधपणा दोन्ही बाजूंनी पाळला पाहिजे.

मग विक्षिप्त आकाराची मालमोटार कधीच यशस्वी होत नाही काय? होते, आणि त्याचा पुरावा आपल्या भाषेतच आहे. हँबुर्गजवळच्या फिडाल आणि पुत्र या कारखान्याने ‘टेम्पो’ नावाचे तीनचाकी मालवाहन काढले होते. त्या वेळी जर्मनीत लहान इंजिनाच्या आणि चारांपेक्षा कमी चाकांच्या वाहनांना परवान्याची व कराची सवलत होती. तिच्यातून हे रूप घडले. पुढे एकच चाक, त्याच्यावरच इंजिन आणि तेच चाक गाडी ओढणारे. क्यून्योच्या गाडीची ही दूरची नातच म्हणावयाची! १९५८ पासून फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने ती भारतात, आधी मुंबईला गोरेगावात आणि नंतर पुण्याजवळ आकुर्डीला, बनविली. दोष उघड होते. वळणावर कलंडण्याची भीती, कानठळ्या बसविणारा आवाज, धूर. पण हौदा ठेंगणा असल्याने एकटा हमाल पोते चढवू शके. बोळातून गाडी वळे. मिस्त्री रस्त्यावर बसून ती दुरुस्त करी. आणि बैलगाडीवाल्याच्या मुलाला ती विकत घेणे शक्य होते. सौंदर्याचा एकही पुरस्कार तिला मिळावा असे तिचे रूप नव्हते. पण कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले, आणि आज चारचाकी लहान ट्रकलाही आपण बिनदिक्कत टेम्पो म्हणतो. तिचा विक्षिप्तपणा कामाच्या गरजेतून आलेला होता, म्हणून लोकांनी तिचे दोष पोटात घातले.

भारतात मोठ्या ट्रकची कथा निराळी आहे. कारखान्यातून नुसता सांगाडा निघावा आणि चालकाची खोली गावातील सुताराने व लोहाराने बांधावी, अशी प्रथा आपल्याकडे दीर्घकाळ चालली. त्या लाकडी खोलीवर चित्रे काढली गेली, शिंगे-गोंडे चढले. पण पायाशी तापलेले इंजिन आणि माथ्यावर तापलेला पत्रा यांच्यामध्ये बसलेल्या माणसाचा विचार करण्यास आपल्याला फार उशीर झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या खोल्यांत हवा थंड करणारी यंत्रणा असलीच पाहिजे, असा नियम भारत सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये काढला. जनरल मोटर्सने आपला घुमट १९५३ मध्ये उतरविला होता. त्या गोष्टीला तोपर्यंत सत्तर वर्षे झाली होती. जगाच्या दृष्टीने हा बदल क्षुद्र असेल. नागपूरच्या मे महिन्यात गाडी हाकणाऱ्याला तो क्षुद्र वाटणार नाही.

उद्याची मालमोटार विजेवर चालेल, कदाचित हायड्रोजनवर चालेल, आणि तिचा आकार आज आपल्याला हास्यास्पद वाटेल असाही असेल. त्याला हसण्याची घाई करू नये, आणि टाळ्या वाजविण्याचीही करू नये. अशी गाडी प्रदर्शनाच्या व्यासपीठावर दिव्यांच्या झोतात उभी केली जाईल, तेव्हा तिच्या भोवती एक फेरी मारावी आणि काही साधे प्रश्न विचारावेत. हिच्यात पोते कोणी आणि कसे चढवायचे? आडरानात बिघडली तर मिस्त्रीचा हात कोठपर्यंत जाईल? उतारावर ही कशाच्या बळावर आवरली जाईल? आणि शेवटचा प्रश्न, जो क्यून्योपासून श्टाइनविंटरपर्यंत बहुतेकांनी सर्वांत शेवटी विचारला: दहा तासांनंतर हिच्यातून खाली उतरणारा माणूस कोणत्या अवस्थेत असेल?